‘ळ’च्या खणातल्या चारशे एकतीस चिठ्ठ्या

मी एक जुना खण आहे, आणि खण म्हणून माझा जन्मच मुळी चुकून झाला. शब्दकोशाच्या कचेरीत भिंतभर एक लाकडी कपाट आहे. त्याला चार डझनांवर खण आहेत आणि प्रत्येक खणाच्या कपाळावर पितळी चौकटीत एकेक अक्षर आहे. माझ्या कपाळावर ‘ळ’ आहे. मित्रांनो, खणाला कसले आले आहे आत्मवृत्त, असे तुम्ही मनात म्हणत असाल. म्हणा खुशाल. पण छापलेल्या कोशात माझ्यापायी पावणेतीन पाने वाढली आहेत, आणि ही बढाई मारल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

ज्या सुताराने आम्हाला घडवले त्याला कोणीतरी एवढेच सांगितले होते, की प्रत्येक अक्षराला एक खण कर. सुतार प्रामाणिक माणूस. त्याने शाळेतून मुळाक्षरांचा तक्ता मागून आणला आणि त्यातल्या एकाही अक्षरावर अन्याय केला नाही. ङ, ञ, ण आणि ळ या चौघांनाही त्याने बाकीच्यांइतकाच खोल, तितकाच गुळगुळीत खण दिला. या चार अक्षरांनी आपल्या भाषेत एकही शब्द सुरू होत नाही. कचेरीतल्या विद्वानांना हे पाठ होते, पण कपाट भिंतीला लागेपर्यंत त्यांच्यातला एकही जण सुताराकडे फिरकला नाही. मग ते आले, खण मोजू लागले आणि पोट धरधरून हसले. सुतार हसला नाही. तो म्हणाला, “राहू द्या साहेब. आज नाही तर उद्या लागेल.” आणि रंधा पिशवीत टाकून तो निघून गेला.

तेव्हापासून आम्ही चौघे बिनकामाचे ठरलो. ‘ङ’मध्ये कात्री आणि डिंकाची बाटली राहायला आली. ‘ञ’मध्ये चहाचे चमचे आले. ‘ण’मध्ये मुख्य संपादकांच्या पित्ताच्या गोळ्या असत. माझ्या वाट्याला एका काडीचा चष्मा, छत्रीची तुटकी मूठ आणि कोणाचा ते कधीच न कळलेला एक हातमोजा आला. शेजारचा ‘ह’ चिठ्ठ्यांनी गच्च भरलेला, आणि मी हातमोजा सांभाळत बसलेलो. दरवर्षी खणांची यादी होई आणि माझ्या नावापुढे एकच शब्द पडे: रिकामा. पंचवीस वर्षे हा शब्द मी ऐकला. मला तो आवडत नसे, हे उघड सांगतो.

आता चिठ्ठ्या म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यांचीच आहे. आमच्या कचेरीत शब्दाचा अर्थ कोणाच्या डोक्यातून निघत नसे. तो ऐकावा लागे. कोणी एखादा शब्द बोलला, की ते वाक्य जसेच्या तसे हाताएवढ्या चिठ्ठीवर लिहायचे. खाली बोलणाऱ्याचा धंदा, जागा आणि तारीख लिहायची. नाव लिहायचे नाही. बोलणाऱ्याला आमच्याकडे साक्षीदार म्हणत. साक्षीदार नसेल, तर कितीही मोठ्या पंडिताने सांगितलेला अर्थ केराच्या टोपलीत जाई. हा नियम मुख्य संपादकांनी घालून दिला होता. त्यांना सगळे दादासाहेब म्हणत. बारीक अंगाचे, जाड भिंगांचे, आणि चिठ्ठीवर शाईचा डाग दिसला की दिवसभर घुश्शात असणारे असे ते गृहस्थ होते.

त्यांच्या हाताखाली ताई होती. ती कचेरीत आली तेव्हा तिच्या वेणीला रिबीन होती, आणि मी सांगतो त्या वेळी तिच्या केसांत पांढरी बट आली होती. ताईच्या पर्समध्ये इतर काही असो नसो, कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि शिसपेन्सिलीचा तुकडा असे. ती दवाखान्यात गेली तर डॉक्टरांच्या आधी बाकावरच्या माणसांचे बोलणे टिपून घेई.

ताईचे वडील विजेच्या तारांवर काम करत. खांबावर चढायचे, तुटलेली तार जोडायची, खाली उतरायचे, पुढच्या खांबावर जायचे. वादळ झाले, की सगळी माणसे घरात शिरत आणि ते बाहेर पडत. ताई लहान होती तेव्हा ते शेजारच्या दुकानात फोन करून निरोप ठेवत. तो निरोप ताईला पाठ होता. कोशात आल्यावर तिने लिहिलेली अगदी पहिली चिठ्ठी तीच होती: “आज लाइनवर आहे, माझी वाट पाहू नका, जेवून घ्या.” खाली लिहिले होते, साक्षीदार: लाइनमन.

वडिलांना तिने ती चिठ्ठी दाखवली, तेव्हा त्यांनी ती दोनदा वाचली. मग म्हणाले, “माझं नाव नको छापू. पण लाइनमन तेवढं छाप. आमच्या कामाचं नाव कुठल्या पुस्तकात येतंय?” ताईने हो म्हटले. म्हटले आणि अडकली. कारण कोश ‘अ’पासून सुरू होतो आणि ‘ल’ येईपर्यंत माणसाचे निम्मे आयुष्य निघून जाते. ती रोज घरी गेली, की वडील विचारत, “‘ल’ आला का गं?” आणि ती म्हणे, “अजून ‘क’ चाललाय, बाबा.” हे तीच चहा पिताना कचेरीत सांगे आणि हसे. पण वडिलांनी पंच्याहत्तरी ओलांडल्यावर तिचे हसणे कमी झाले. त्यांच्या डोळ्यांदेखत ते वाक्य छापून यावे, एवढेच तिला हवे होते.

एका चिठ्ठीने अर्थ सिद्ध होत नाही. ताई ‘लाइन’ या शब्दाच्या मागे लागली, आणि तो शब्द तिला जिकडेतिकडे भेटू लागला. नळ दुरुस्त करणारा म्हणाला, “स्वयंपाकघरातली लाइन चोंदलीय, गच्चीतली ठीक आहे.” गवंडी ओरडला, “लाइन नीट धरा, नाहीतर भिंत पोट काढेल.” परिचारिका म्हणाली, “हाताला सूज आलीय, लाइन बदलावी लागेल.” शिंपी खांद्याच्या लाइनीबद्दल बोलला आणि क्रिकेट शिकवणारा चेंडूच्या. नाटकातला नट विंगेत येऊन सहकाऱ्यावर भडकला, “माझी लाइन तूच खाल्लीस.” कापडदुकानदार म्हणाला, “ही लाइन कंपनीनं बंद केली.” बसचा चालक म्हणाला, “दहा वर्षं मी याच लाइनला आहे.” तिकिटाच्या खिडकीशी एक बाई म्हणाल्या, “लाइनीत या, आम्ही काय इथं हवा खायला उभ्या आहोत?” पुस्तकाच्या दुकानातल्या मुलीने मैत्रिणीला सांगितले, “तो लाइन मारतोय की खरंच पुस्तक शोधतोय, तेच कळत नाही.” ही चिठ्ठी लिहिताना ताईला हसू आवरेना. तिचा शिसपेन्सिलीचा शेवटचा काना वाकडा गेला आहे, तो अजून तसाच आहे.

दादासाहेबांना मात्र हा शब्द डोळ्यांत खुपे. ते म्हणत, “ताई, इंग्रजी शब्द म्हणजे पाहुणा. पाहुण्याला चहा द्यावा, घराची किल्ली देऊ नये. रेषा आणि ओळ, दोन अर्थ द्या आणि मोकळ्या व्हा.”

“पाहुणा उठून भांडी घासायला लागला, दादासाहेब,” ताई म्हणे, “तर त्याला घरचाच म्हणावं लागतं.”

“साक्षीदार आणा, मग बघू.”

ती आणत राहिली. एक दिवस ‘ल’चा खण अडला. ओढला तरी उघडेना, कारण लाडू, लाकूड, लाज आणि लगबग या सगळ्यांना चेंगरून ‘लाइन’ने आत ठाण मांडले होते. शिपाईकाकांनी गुडघा टेकून जोर लावला तेव्हा कुठे तो उघडला. ते गेल्यावर ताईने इकडेतिकडे पाहिले आणि तिची नजर माझ्यावर पडली. तिने चष्मा, मूठ आणि हातमोजा बाहेर काढला, ओल्या फडक्याने मला पुसले आणि चारशे एकतीस चिठ्ठ्या सत्तावीस गठ्ठ्यांत बांधून माझ्यात ठेवल्या. ‘ल’मध्ये तिने खुणेची एकच चिठ्ठी ठेवली: “लाइन: ‘ळ’च्या खणात पाहा.”

मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा वजन म्हणजे काय ते कळले. माझ्या तळाची फळी किंचित खाली वाकली आणि मला त्याचा केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू. पाहुणे कचेरी बघायला आले, की ताई मला हळूच ओढून दाखवी. “हा आमचा सगळ्यात श्रीमंत खण,” ती म्हणे, आणि शेजारचा ‘ह’ गप्प बसे.

पण यादी कोणी बदलली नाही. यादीत मी रिकामाच राहिलो.

कोश छापायला निघाला, आणि अक्षरे एकामागून एक छापखान्यात जाऊ लागली. शिपाईकाका यादी हातात धरून खण उचलत आणि हातगाडीवर लावत. ‘य’ गेला, ‘र’ गेला. ‘ल’ची पाळी आली त्याच आठवड्यात ताईच्या वडिलांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले आणि तिने पंधरा दिवसांची रजा घेतली. जाताना ती निश्चिंत होती. खुणेची चिठ्ठी जागेवर होती.

घोळ त्या चिठ्ठीनेच केला. ‘ल’ आधी टंकलेखकाच्या टेबलावर गेला. तो लाडू, लाज वगैरे टंकून पुढे आला आणि त्याने वाचले, “‘ळ’च्या खणात पाहा.” दुसऱ्या कुठल्याही कचेरीतला माणूस उठला असता आणि त्याने खण उघडून पाहिला असता. आमचा टंकलेखक वीस वर्षे कोशात मुरलेला होता. ‘ळ’ने शब्द सुरू होत नाही, ‘ळ’चा खण रिकामा असतो, हे त्याला झोपेतही माहीत होते. कचेरीत एखादी गोष्ट हरवली, की “‘ळ’मध्ये बघा” असे म्हणून हसायची तिथे रीतच होती. त्याला वाटले, ताईने गंमत केली आहे; या शब्दाला काही सापडले नाही, असे ती म्हणते आहे. तो खुदकन हसला आणि त्याने चिठ्ठी बाजूला ठेवली. दादासाहेबांनी पाहिले, तर ‘लाइन’ला एकही चिठ्ठी नाही. ताईने शेवटी नाद सोडला असे समजून त्यांनी स्वतःच लिहून टाकले: “लाइन: रेषा; ओळ.” कपाटात मागे राहिलेला मी हे सगळे ऐकत होतो. खणाला तोंड असते, पण ते दुसऱ्याने उघडावे लागते.

ताई रजेवरून परत आली ती सकाळीच. टेबलावर ‘ल’ची छापून आलेली प्रुफे पडली होती. वडिलांच्या डोळ्यांवरची पट्टी आदल्याच दिवशी निघाली होती, आणि डोळे उघडल्यावर त्यांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल ते तुम्हाला कळले असेलच. ताईने उभ्याउभ्याच प्रुफांवरून बोट फिरवले. बोट एका जागी थांबले. ती वाचत राहिली. तिथे वाचण्यासारखे होते तीन शब्द, पण ती बराच वेळ वाचत होती.

मग तिने मला उघडले. गठ्ठे जसेच्या तसे होते. “अरे देवा,” ती हळू आवाजात म्हणाली, आणि खुर्चीत बसली. तिला रडू येत होते. शिपाईकाका दारात येऊन उभे राहिले.

“ताई, तो ‘ळ’ भरलेला होता?” त्यांनी विचारले. “यादीत तर...”

“हा फर्मा कधी मशीनवर चढणार?” ताईने विचारले. फर्मा म्हणजे सोळा पानांचा एकत्र आवळलेला शिशाचा मजकूर. तो एकदा छापला, की झाले.

“आज दुपारी. दादासाहेब तिकडेच गेलेत.”

ताईने पदर खोचला, मला कपाटातून पूर्ण बाहेर ओढले आणि कमरेवर घेतले. मी कपाटाबाहेर आलो तो पहिल्यांदाच. शिपाईकाका म्हणाले, “मी हातगाडी काढतो.” ती म्हणाली, “तेवढा वेळ नाही, काका,” आणि जिना उतरली.

मी रस्ता पाहिला. सायकली, कुंड्या, दाराशी पुसायला काढलेल्या खुर्च्या, एका गाळ्यात चाललेली इस्त्री, आणि सगळीकडे माणसे. भरल्या खणाचे वजन हलके नसते. ताई चौकात एकदा थांबली, मला पायरीवर टेकवले, दुसऱ्या कमरेवर घेतले. एका भाजीवालीने विचारले, “एवढं काय घेऊन चाललीस गं?” ताईने धापा टाकत सांगितले, “तुम्हा लोकांचं बोलणं,” आणि ती पुढे निघाली.

छापखान्यात शाईचा आणि रॉकेलचा वास होता. दादासाहेब खिडकीपाशी शेवटची प्रुफे तपासत होते. त्यांच्या बाजूला जुळारी उभा होता. शिशाची अक्षरे एकेक करून उचलायची आणि ओळी जुळवायच्या, हे त्याचे काम. त्याच्या हातात कायम चिमटा असे, म्हणून त्याला सगळे चिमटे म्हणत. ताईने मला टेबलावर ठेवले आणि काय घडले ते सांगितले.

दादासाहेबांनी चष्मा वर केला. “चूक झाली खरी. पण ताई, फर्मा आवळून झालाय. एका परक्या शब्दासाठी सोळा पानं सोडायची?”

“सत्तावीस अर्थ आहेत, दादासाहेब. सगळ्यांना साक्षीदार आहेत.”

“सत्तावीस?” ते म्हणाले. “रेषा आणि ओळ सोडली, तर खाली उरतं काय? माणसं बोलण्याच्या ओघात काहीही बोलतात. विचार करून बोलणारा माणूस हा शब्द वापरत नाही. मी वापरतो का?” मग ते पुन्हा प्रुफाकडे वळले. “बसा. एवढं पान संपवतो, मग बोलू.”

ताई स्टुलावर बसली. तिने मांडीवरची पर्स उघडली. मी टेबलावर होतो, मला सगळे दिसत होते.

फोन वाजला. दादासाहेबांनी तो उचलला आणि म्हणाले, “हो, कागदाचा नमुना माझ्याकडेच आहे. जरा लाइनवर राहा, शोधतो.” नमुना सापडला, फोन ठेवला. मग ते चिमट्यांना म्हणाले, “ही शेवटची लाइन एकटीच पुढच्या पानावर चाललीय, तिला वर ओढा.” चिमट्यांनी मान डोलावली. पुन्हा फोन वाजला. या वेळी दादासाहेबांची बहीण होती. “अगं, मुलगा एकदाचा लाइनीला लागला ना?” ते म्हणाले. “मग आता रडतेस कशाला?” तेवढ्यात दिवे गेले आणि कोपऱ्यातले मशीन घरघरत थांबले. दादासाहेब छताकडे पाहून पुटपुटले, “लाइन गेली वाटतं.” दिवे आले. छापखान्याच्या मालकांनी दारातून विचारले, की तो नवा मुद्रितशोधक कसा वाटला. दादासाहेब पान उलटता उलटता म्हणाले, “माणूस सज्जन आहे, पण आपल्या लाइनीतला नाही.”

प्रत्येक वेळी शिसपेन्सिलीचा बारीक आवाज येत होता. दादासाहेबांनी शेवटी प्रूफ बाजूला सारले आणि हात चोळले. “हं, बोला. कोण आहेत तुमचे साक्षीदार?”

ताईने त्यांच्यापुढे पाच ताज्या चिठ्ठ्या ओळीने मांडल्या.

त्यांनी पहिली वाचली, दुसरी वाचली. तिसरीला त्यांच्या भुवया वर गेल्या. प्रत्येकीच्या खाली एकच साक्षीदार होता: शब्दकोशाचे मुख्य संपादक, छापखाना, आजची तारीख. चिमटे आपला चिमटा निरखत उभे होते.

“हे मी म्हणालो?” दादासाहेबांनी विचारले.

“म्हणालात, साहेब,” चिमटे म्हणाले. “पाचही वेळा. मी इथंच होतो.”

“यातली एक ‘ओळ’मध्ये बसते,” दादासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज जरा बारीक झाला होता.

“बसते,” ताई म्हणाली. “राहिलेल्या चार कुठं बसवू, तेवढं सांगा.”

मित्रांनो, माणूस मोठा कशाने होतो हे मला त्या दिवशी दिसले. दादासाहेब रागावले असते तर कोणी काय करणार होते? पण नियम त्यांनीच घातला होता आणि साक्षीदारही तेच होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली. पहिला गठ्ठा सोडला आणि ते मोठ्याने वाचू लागले. नळवाला झाला, गवंडी झाला. मशीनवाला हात पुसत आला, बांधणीच्या खोलीतल्या बाया आल्या, मालक आले. पुस्तकाच्या दुकानातल्या मुलीची चिठ्ठी वाचताना सगळा छापखाना हसला आणि दादासाहेबही हसले. परिचारिकेची चिठ्ठी वाचल्यावर एक बाई म्हणाली, “माझी बहीण अगदी असंच बोलते.” माझ्यात पडून असलेली इतक्या वर्षांची बोलणी त्या खोलीत एकेक करून उभी राहत होती. माझा तळ हलका होत होता, पण मला रिकामे झाल्यासारखे मुळीच वाटले नाही.

तळाशी पहिली चिठ्ठी होती. तिचा कागद पिवळा पडला होता. दादासाहेबांनी वाचले, “आज लाइनवर आहे, माझी वाट पाहू नका, जेवून घ्या.” ते थांबले. “हा लाइनमन कोण?”

“माझे बाबा,” ताई म्हणाली. “रोज विचारतात, ‘ल’ आला का. आज संध्याकाळी विचारतील तेव्हा काय सांगू, ते मला कळत नाहीये.”

इतक्या वर्षांत दादासाहेबांनी तिला घरी कोण असते, हे कधी विचारले नव्हते. ते त्यांच्या लक्षात आले असावे. त्यांनी ती चिठ्ठी दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली आणि जुळाऱ्याकडे वळले.

“चिमटे, फर्मा सोडा.”

“सगळा?”

“सगळा. आणि ‘रेषा, ओळ’ असं लिहिणाऱ्या माणसाला सांगा, की कोशात डोक्यातून अर्थ काढायचे नसतात.”

तिथून पुढे दोन दिवस छापखान्यात जी धांदल उडाली ती मी टेबलावर बसून पाहिली. चिमट्यांचा हात विजेसारखा चाले. प्रत्येक वाक्यात ‘लाइन’ असल्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या पेटीतले ‘इ’ संपले. एवढे ‘इ’ कधी कोणाला लागले नव्हते. शिपाईकाका धावत पलीकडच्या गल्लीतल्या छापखान्यात गेले आणि रुमालात बांधून मूठभर ‘इ’ उसने घेऊन आले. टंकलेखकही आला. झाल्या प्रकाराने तो इतका ओशाळला होता, की त्याने सबंध नोंद स्वतः तीनदा तपासली. शेवटी मशीन सुरू झाले आणि ओल्या शाईची पाने एकावर एक पडू लागली. पावणेतीन पाने एका शब्दाची. अख्ख्या कोशात एवढी जागा दुसऱ्या कुठल्याच शब्दाला मिळालेली नाही. ‘क’मधल्या एकालाही नाही, आणि ‘क’ स्वतःला फार समजत असे.

कोश बांधून आला त्या दिवशी ताई वडिलांना कचेरीत घेऊन आली. मी परत माझ्या जागी होतो. मी प्रथमच त्यांना पाहिले. रुंद खांद्यांचे, काठी टेकत चालणारे, कानाला जरा कमी ऐकू येणारे. कपाटासमोर त्यांना खुर्ची दिली. दादासाहेब स्वतः कोश घेऊन त्यांच्याशेजारी बसले आणि म्हणाले, “मी वाचून दाखवतो. अक्षर बारीक आहे.”

“नवे डोळे आहेत माझे,” वडील म्हणाले. “पण वाचा तुम्ही. ऐकायला बरं वाटेल.”

दादासाहेबांनी पावणेतीन पाने वाचली, कानापाशी वाकून, एकही शब्द न गाळता. ते वाक्य आले तेव्हा त्यांनी ते सावकाश वाचले, आणि पुढचा शब्दही वाचला: लाइनमन. ताईने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. वडील म्हणाले, “बरोबर आहे. असंच म्हणायचो मी. तुझी आई चिडायची आणि जेवायची नाही.” मग त्यांनी त्या शब्दावर अंगठा ठेवला आणि तो तसाच राहू दिला. ते रडले नाहीत. ताई रडली, आणि दादासाहेब खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचे असल्यासारखे पाहू लागले.

थोड्या वेळाने वडील म्हणाले, “छान झालंय. फक्त एक राहिलं.”

“काय राहिलं?” दादासाहेबांनी विचारले.

“वारं वाढलं की तारा घुमायला लागतात. आम्ही एकमेकांना सांगायचो, लाइन बोलतेय, उतर खाली. लाइन बोलतेय म्हटलं, की कितीही काम राहिलेलं असू दे, माणूस खाली यायचा. त्यानं जीव वाचलेत आमचे.”

ताईचा हात पर्सकडे गेला. पण त्याआधीच दादासाहेबांनी टेबलावरची कोरी चिठ्ठी ओढली होती. त्यांनी ते वाक्य जसेच्या तसे लिहिले आणि खाली साक्षीदाराचा धंदा लिहिला. शाई वाळेपर्यंत ते चिठ्ठी हातात धरून उभे राहिले. मग त्यांनी मला उघडले आणि आपल्या हाताने ती माझ्यात ठेवली.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या घरी कोणी दमून कामावरून येईल आणि बोलता बोलता एखादा शब्द असा वापरेल, की तो कुठल्याच पुस्तकात तुम्हाला सापडणार नाही. त्याची चूक काढू नका. कागद घ्या आणि वाक्य जसे ऐकले तसे लिहा. आणि त्याखाली त्या माणसाच्या कामाचे नाव लिहायला विसरू नका.